सोबत कोण जाणार? योजनांच्या कागदपत्रांत लोकांना साथ देणाऱ्यांसाठी धागा

भीमाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्ह्यात एका लहान संस्थेत एकल महिलांबरोबर काम करते. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, काही अविवाहित प्रौढ बायका. दिवसाचा बहुतेक वेळ जातो तो कोणाला तरी घेऊन ग्रामपंचायत, तहसील, बँक आणि जिल्हा रुग्णालय असं फिरण्यात. इथे असं काम करणारे बरेच जण असणार. आशाताई असतील, रुग्णालयात जनआरोग्य योजनेचं काम बघणारे आरोग्यमित्र असतील, रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक असतील, कुठल्याही पदाशिवाय गावाची कामं करणारे असतील. त्यांनी लिहावं म्हणून हा धागा.

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगते. योजनेची माहिती पोचवली की काम झालं, असं सगळीकडे धरलं जातं. फ्लेक्स लागतात, शिबिरं होतात, व्हॉट्सॲपवर याद्या फिरतात. पण योजना ठाऊकच नाही म्हणून अडलेली बाई मला आता क्वचितच भेटते. ती अडते एका कागदापासून दुसऱ्या कागदापर्यंत जाताना. तिथे तिला हवं असतं सोबत येणारं माणूस, आणि ते माणूस खात्यात पहिला हप्ता पडेपर्यंत टिकावं लागतं. हे काम आहे, त्याला वेळ लागतो, शिकावं लागतं, आणि त्याचा पगार मिळायला हवा.

एक उदाहरण देते, ओळख पटेल असे तपशील बदलून. नवरा-बायको ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले. तिथेच कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, रात्री नवरा गेला. मुकादमाने गाडी करून दिली, प्रेत गावी आणलं, अंत्यविधी गावात झाला. मृत्यूची नोंद कुठेच नाही. आमच्या ग्रामपंचायतीत सांगितलं, मृत्यू इथे झालेला नाही, नोंद इथे होणार नाही. कायद्याने ते बरोबर आहे, मृत्यू जिथे होतो तिथल्याच निबंधकाकडे नोंद लागते. पण ज्या गावात ती फक्त ऊस तोडायला गेली, त्या गावाची ग्रामपंचायत कोणती हेही तिला सांगता येत नव्हतं. कारखान्याचं नाव आणि फडाजवळचा एक ओढा, एवढंच आठवत होतं.

आता हा एक कागद नाही म्हणून काय काय अडलं बघा. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये अडले. दोन मुलांना बालसंगोपन योजनेतून प्रत्येकी २२५० रुपये महिना मिळू शकले असते, तेही अडले. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० मिळतात, ते अडले. सासऱ्याच्या उताऱ्यावर तिची आणि मुलांची वारस नोंद अडली. चार वेगवेगळ्या टेबलांवर चार वेगवेगळी माणसं तिला एकच वाक्य सांगत होती, "मृत्यूचा दाखला आणा." तो कसा आणायचा हे सांगणं त्यांच्यापैकी कोणाचंच काम नव्हतं.

२१ दिवसांत नोंद केली तर पैसे लागत नाहीत. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. त्यानंतर वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. पूर्वी त्यासाठी न्यायालयात जावं लागे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली बदल झाला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. त्यामुळे वकील करायची गरज उरली नाही, पण हे तिला सांगणार कोण? तिच्याकडे आधीच एकजण वकिलाची फी म्हणून पैसे मागून गेला होता.

तिचा दाखला शेवटी मिळाला. पोलीस पाटलाचा जबाब, स्मशानातल्या विधीला हजर असलेल्यांची प्रतिज्ञापत्रं, त्याच टोळीतल्या दोन मजुरांचे जबाब असं करत करत. त्या दोघांनी रोज बुडवून साक्ष दिली, हे मुद्दाम लिहून ठेवते.

तुमच्याकडे काय अनुभव आहे? कुठला कागद आधी, कुठला नंतर, कुठे काय मागायचं, हे सगळं इथे येऊ द्या.

---

आवक_जावक

उत्तम धागा. मी महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो. ऐकून घ्यावी ही विनंती.

निराधारच्या टेबलावर एक माणूस असतो आणि त्याच माणसाला निवडणूक, टंचाई, पंचनामे ही सगळी कामं लावलेली असतात. शिवाय मंजुरी तालुकास्तरीय समितीच्या बैठकीत होते. समितीवर अशासकीय अध्यक्ष असतात, त्यांची नेमणूक रखडली की बैठक रखडते. अर्जदाराला वाटतं कारकुनाने फाईल दाबली. काही वेळा तसंही होतं, नाही म्हणत नाही. पण पुष्कळदा फाईल पूर्ण असते आणि बैठकच लागलेली नसते.

सोबत जाणाऱ्यांसाठी माझ्याकडून काही गोष्टी. अर्ज दिला की पोच घ्याच. आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा. दुसरं, "फाईल कुठं आहे" असं विचारू नका. "त्रुटी निघाली आहे का, निघाली असल्यास पत्र कधीचं आहे" असं विचारा. या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. ऑनलाइन अर्ज भरताना मोबाईल नंबर कोणाचा टाकला ते बघा. केंद्रचालक घाईत स्वतःचा नंबर टाकतो. मग त्रुटीचा संदेश त्याच्या मोबाईलवर जातो, तो बघत नाही, मुदत संपते, अर्ज आपोआप निकाली निघतो. बाईला वाटतं अजून चालू आहे. माझ्या काळात परत गेलेल्या अर्जांत असे पुष्कळ होते.

उत्पन्नाच्या दाखल्याला लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे, मुदत १५ दिवस. मुदतीत मिळाला नाही तर प्रथम अपील, मग द्वितीय अपील, तिसरं थेट आयोगाकडे. कसूर सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. प्रथम अपिलाचा नुसता अर्ज आला तरी दाखले हलतात, हे मी पाहिलेलं आहे.

---

उंबरठा_आशा

ताई, मी आशा आहे. तुमचं वाचून बरं वाटलं, आमचं कोणी लिहीत नाही.

आमची नेमणूक २००५ च्या आरोग्य अभियानापासून. हजार लोकसंख्येला एक आशा. आम्हाला पगार नाही, मोबदला आहे, तो कामागणिक. बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशी जायचं, त्याचे मिळून २५० रुपये. त्यावर राज्याचं मानधन, ते वाढवून घ्यायला आझाद मैदानात बसावं लागलं.

पण गावात बाई दुसरं काही घेऊन आली तर नाही कसं म्हणणार? आधारवर नाव चुकलं, रेशनकार्डातून नाव कमी झालं, टीबीच्या पेशंटचे पोषणाचे पैसे आले नाहीत, सगळं आमच्याकडेच येतं. हे पैसे निक्षय योजनेचे, आता महिन्याला १००० आहेत, नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते. पेशंटची नोंद असते, औषध चालू असतं, पैसे मात्र जमा नाहीत. का, तर खात्याला आधार जोडलेलं नाही. मग बँकेत कोण जाणार? मीच. त्या फेरीला कुठल्या रकान्यात लिहू? असा रकानाच नाही.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांचा गौरव केला. अभिमान वाटला, खरंच वाटला. पण पेट्रोल त्याने भरत नाही.

---

नदीपार

चर्चा चांगली आहे, पण थोडा वेगळा सूर लावतो. प्रत्येकाबरोबर माणूस पाठवणं हा उपाय किती दिवस पुरणार? लोक परावलंबी होतात. आज संस्थेची ताई आहे, उद्या प्रकल्प संपला की ताई जाणार. त्यापेक्षा प्रक्रिया सोपी करावी, सगळं ऑनलाइन करावं, लोकांना शिकवावं. आणि खरं सांगायचं तर सोबत जाणाऱ्यातूनच पुढे एजंट तयार होतात. आमच्या तालुक्यात तहसीलच्या बाहेर बसलेले निम्मे लोक एकेकाळचे "कार्यकर्ते"च आहेत.

---

भीमाकाठ

@नदीपार, तुमचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्यावर आम्ही संस्थेत नियम करून ठेवलेत. मूळ कागद कधीही आमच्याकडे ठेवायचे नाहीत. आधार, पासबुक, रेशनकार्ड तिच्या पिशवीत, पिशवी तिच्या हातात. टेबलासमोर बोलायचं तिने, आपण शेजारी उभं राहायचं, अडलं तरच बोलायचं. सही कुठे करतोय ते वाचून दाखवल्याशिवाय करू द्यायची नाही. एजंट नेमकं याच्या उलट करतो, कागद ताब्यात घेतो आणि बाईला घरी बसायला सांगतो.

परावलंबनाबद्दल मात्र असहमत. आमच्याकडे ज्या बाईचं काम झालं ती पुढच्या वेळी जावेला किंवा शेजारणीला घेऊन स्वतः जाते. तिला खोली ठाऊक झालेली असते, साहेब किती वाजता बसतात ते ठाऊक झालेलं असतं. कोणीतरी एकदा नेल्यामुळेच ती पुढे एकटी जाऊ शकली.

आणि ऑनलाइनबद्दल एक अलीकडचं प्रकरण. एका मावशींचं निराधार मंजूर झालं, पत्र मिळालं, खात्यात पैसे नाहीत. बँकेत पासबुक भरून आणलं, शून्य. तहसीलमध्ये म्हणाले पैसे गेलेत. दोघंही खरं सांगत होते. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत, आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं तिथे जातात. मावशींनी कधीतरी बाजारात नवीन सिमकार्ड घेतलं होतं, अंगठा दिला होता, त्याच अंगठ्यावर मोबाईलमधलं एक खातं उघडलं गेलं आणि आधार तिकडे जोडलं गेलं. ते सिम केव्हाच बंद पडलेलं. आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडलेली आहे ते दिसतं, पण ते बघायला ओटीपी लागतो, आणि ओटीपी जाणार त्याच बंद सिमवर. आधी आधार केंद्रात नवीन नंबर लावून घेतला, मग बँकेत आधार पुन्हा जोडायचा अर्ज, मग तहसीलला कळवणं. हे एवढं कोणत्या फलकावर लिहून शिकवणार?

प्रक्रिया सोपी व्हावी, हजारदा मान्य. ती होईपर्यंत मावशींनी काय खायचं हा माझा प्रश्न आहे.

---

वॉर्ड_सात

मी पुण्यात रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक आहे. आमचं पद नवीन नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ ची, पुण्यातली कर्वे समाजसेवा संस्था १९६३ ची. म्हणजे सोबत जाणं ही शिकवता येणारी विद्या आहे हे या राज्याला फार पूर्वीच ठाऊक आहे. ती रुग्णालयाच्या भिंतीबाहेर मात्र नेली गेली नाही.

धाग्याला उपयोगी पडेल ते सांगतो. धर्मादाय रुग्णालयांत मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. बिलांच्या रकमेतून २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जातात, खर्च त्यातून होतो. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं, अनामत मागायची नाही, हेही त्या योजनेतच आहे.

आता या आकड्यांशेजारी निराधारचा आकडा ठेवून बघा. विधवेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. रोज ३०० रुपये मजुरीने ती ७० दिवस कामाला गेली की मर्यादा संपली. त्यामुळे गावात उत्पन्नाचा दाखला काढताना काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मग तोच २१,००० चा दाखला घेऊन ती दवाखान्यात येते आणि बिलिंगवाला म्हणतो, एवढ्यात कोण जगतं, दाखला खोटा दिसतोय. बाई खोटी नाही, मर्यादा जुनाट आहे. समाजसेवकाचं पहिलं काम तिथे तिची बाजू घेऊन उभं राहणं हेच असतं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल एकच सांगतो, कारण यात रोज नुकसान होताना बघतो. दाखल होतानाच आरोग्यमित्राला भेटा. त्याचं टेबल नोंदणी कक्षाजवळ असतं. योजना रोखविरहित आहे, पैसे भरून झाल्यावर परत मिळवायला आलेल्या नातेवाइकांना मी हळहळण्यापलीकडे काही देऊ शकत नाही. रेशनकार्ड गावी राहिलं असेल आणि प्रकार तातडीचा असेल तर फोनवरून तात्पुरती मंजुरी घेता येते, कागद नंतर देता येतात. आरोग्यमित्र नसेल किंवा दाद देत नसेल तर १५५३८८ वर फोन करा.

---

घाटमाथा

@वॉर्ड_सात +१. मी आरोग्यमित्र म्हणून काम केलं आहे. एक भर घालतो. नातेवाईक "आमच्याकडे कार्ड नाही" म्हणतात तेव्हा पुष्कळदा केशरी कार्ड असतं, पण केशरीला योजना नाही असं कोणीतरी सांगितलेलं असतं. आता पिवळं, केशरी, पांढरं तिन्ही चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. विचारताना "योजनेचं कार्ड आहे का" असं विचारू नका. "रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं आहे का" असं विचारा.

---

धाकटा_भाऊ

मी मदत करणारा नाही, मदत मिळालेल्या घरातला आहे. माझ्या मोठ्या भावाला बरीच वर्षं स्किझोफ्रेनिया आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात मानसिक आजार आहे, हे आम्हाला कोणत्याच डॉक्टरने सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एका सामाजिक कार्यकर्तीने, ती मुळात शेजारच्या घरी आली होती.

प्रमाणपत्र काढायचं म्हणजे काय, तर ठरलेल्या वारी सरकारी रुग्णालयात सकाळपासून रांग. माझा भाऊ गर्दीत बसू शकत नाही. त्याला वाटतं सगळे त्याच्याबद्दल बोलताहेत. पहिल्यांदा तो रांगेतून उठून निघून गेला आणि संध्याकाळी स्टँडवर सापडला. त्यानंतर त्या ताई आमच्याबरोबर आल्या. त्या स्वतः रांगेत उभ्या राहिल्या, आम्ही दोघं बाहेर लिंबाखाली बसलो. नंबर जवळ आला की फोन. आत जाऊन त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं की दार उघडं ठेवा, पाठीमागे कोणी उभं राहू नका. बस. तपासणी झाली, कार्ड आलं. निळं आलं, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर.

नदीपार, तुम्ही म्हणता ऑनलाइन करा. अर्ज ऑनलाइनच होता. मी पदवीधर आहे, मीच भरला होता. अडचण अर्जाची नव्हतीच. आईला मी एकटा सांभाळू की भावाला सांभाळू की रांगेत उभा राहू?

त्या ताईंना संस्थेकडून त्या महिन्याचं मानधन मिळालेलं नव्हतं, हे आम्हाला फार नंतर दुसऱ्याकडून कळलं.

---

नदीपार

@धाकटा_भाऊ, वाचून गप्प झालो. तुमच्या भावाला भेटलेल्या ताईंसारखं माणूस प्रत्येक तालुक्यात हवं, हे मान्य. मग पगाराचा प्रश्न सरळ विचारतो. संस्थांच्या देणग्यांवर हे चालणार नाही. ग्रामपंचायतीतून द्यायचा का? की तहसीलमध्येच असं पद असावं?

---

आवक_जावक

तहसीलमध्ये पद केलं तर पहिल्याच निवडणुकीला त्याला मतदारयादीच्या कामाला लावतील, हे अनुभवाने सांगतो. पद तहसीलच्या आस्थापनेवर नको. समाजकल्याण किंवा महिला व बालविकासकडून मानधन आणि बसायची जागा तहसीलच्या आवारात, असं काही जमलं तर टिकेल. आणि त्याला फाईलची स्थिती बघण्याचा अधिकृत लॉगिन हवा. नाहीतर तोही खिडकीपाशी उभाच राहणार.

---

उंबरठा_आशा

नवीन पद करा पण आम्हाला वगळू नका. घर आम्हाला माहीत असतं. कोणाच्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय ते आवारात बसलेल्या माणसाला कसं कळणार? आम्ही कळवू, ते नेतील. आणि कळवण्याचा मोबदला ठेवा, रकाना ठेवा.

---

भीमाकाठ

आशाताई, तुमचा मुद्दा आणि काकांचा लॉगिनचा मुद्दा, दोन्ही आमच्या निवेदनात घेते. जिल्हा परिषदेला देणार आहोत. इथल्या कोणाला आपलं नाव जोडायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

अंजनवेल

उशिरा आले धाग्यावर, पण एक विचारायचंय. माझी मावसबहीण लातूर भागात असते. नवरा सोडून गेला, पाच वर्षं पत्ता नाही. ना घटस्फोट, ना मृत्यू. निराधारच्या टेबलावर तिला "कोर्टाचा कागद आणा" म्हणून परत पाठवलं. तिच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत. मुलगी सहावीत आहे. काही मार्ग आहे का?

---

भीमाकाठ

@अंजनवेल, आहे. क्रमाने सांगते.

नवरा बेपत्ता असल्याची पोलिसांत नोंद केली होती का? नसेल तर आता करा, उशीर झाला तरी घेतात, त्याची प्रत जपून ठेवा. सात वर्षं कोणालाच काही खबर नसेल तर मृत मानण्याची तरतूद कायद्यात आहे, पण त्यालाही न्यायालयातूनच जावं लागतं, आणि त्या सात वर्षांच्या हिशेबाला ही नोंद उपयोगी पडते.

वकिलाचे पैसे लागणार नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. साध्या कागदावर अर्ज चालतो. फोन करायचा तर १५१००. तिथे विधी स्वयंसेवक असतात, बहिणीबरोबर कोणी येऊ शकेल का असं मुद्दाम विचारा. पोटगीचा अर्ज टाकला की प्रकरण क्रमांक मिळतो. घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या बायकाही निराधारमध्ये बसतात, त्यामुळे पुढचा मार्ग कोणता धरायचा ते वकिलाशी बोलून ठरवा.

मुलीचं यासाठी थांबवू नका. बालसंगोपनमध्ये एका पालकाने सोडून दिलेली मुलंही येतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, पुढे बालकल्याण समितीसमोर. शाळेचं बोनाफाईड, दोघींचं आधार, उत्पन्नाचा दाखला, आणि घरासमोर मायलेकींचा फोटो, हे आताच तयार ठेवा. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, जुना असेल तर नवीन काढा. मोबाईल नंबर तिचा स्वतःचा टाका.

लातूरमध्ये आमच्या ओळखीच्या एक कार्यकर्त्या आहेत. त्यांना विचारून नंबर व्यनि करते. बहिणीला कुठला वार सोयीचा पडतो ते मात्र मला कळवा, मजुरीचा दिवस बुडायला नको.